हौद्याची कातडी

स्प्रे गनच्या तोंडाशी, अगदी शेवटच्या काही मिलिमीटरांत, दोन द्रवांची टक्कर होते. तोवर त्यांना एकमेकांचा वाराही लागू दिलेला नसतो. दोघांची पिंपं वेगळी, पंप वेगळे, गरम नळ्याही वेगळ्या. दोघांना साधारण ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि चौरस इंचाला सुमारे २००० पौंड, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साठेक पट, दाबानं समोरासमोर सोडतात. ढवळायला दांडा नाही, पातं नाही. टकरीतच ते मिसळतात. फवारा पत्र्यावर पोचतो तेव्हा तो अजून द्रवच असतो. दहा आकडे मोजेपर्यंत त्याचं ओघळणं थांबतं. मिनिटाभरात बोट लावलं तरी चिकटत नाही. थोड्या वेळापूर्वी पिंपात डुचमळत होतं ते आता खरखरीत, काळं, हातोडीला न जुमानणारं जाड कातडं झालेलं असतं.

अमेरिकेत पिकअप ट्रक घेणारे लोक याला स्प्रे-इन बेडलायनर म्हणतात आणि कुठल्या कंपनीचा लावून घ्यावा यावर दिवसचे दिवस वाद घालतात. बहुतेकांच्या मनात तो एक दांडगा रंग असतो. डब्यातला रंग कारखान्यातच तयार झालेला असतो, आपण तो फक्त पसरतो आणि वाळवतो. इथे पदार्थ तयार होतो तो गाडीच्या हौद्यातच. कारखाना जणू पत्र्यापासून दोन हातांवर उभा असतो आणि तो चालवणारा माणूस मास्क लावून हौद्यात वाकलेला असतो. निवड करताना नेमकं हेच लक्षात ठेवावं लागतं, असं माझं मत आहे. पण निवडीकडे वळण्याआधी या पदार्थाच्या पोटात थोडं शिरायला हवं, कारण तिथे जे चाललेलं असतं ते खरोखर अचंबित करणारं आहे.

आधी हौदा. फोर्डनं १९२५ साली मॉडेल टी गाडीच्या मागे कारखान्यातच छोटा हौदा बसवून ती २८१ डॉलरना विकायला काढली. त्याआधी शेतकरी आपापल्या गाड्यांची मागची बाजू कापून लाकडी पेट्या बसवून घेत. पुढे हौदे पत्र्याचे झाले आणि त्यांच्यामागे एक दुखणं लागलं. चारचाकीच्या बाकी अंगाला आपण फुलासारखं जपतो. हौद्यात मात्र खडी ओततो, पहारी फेकतो, लोखंडी पेट्या घासत ओढतो. पहिल्या ओरखड्याला रंग गेला की तिथून गंज सुरू. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथला गंज आणखीच भुकेला.

यावर पहिला लोकप्रिय इलाज निघाला तो साच्यातून काढलेल्या जाड प्लॅस्टिकच्या टबाचा. हौद्याच्या मापाचा टब आत बसवायचा, की झालं. स्वस्त, हवा तेव्हा काढता येणारा. पण तो पत्र्याला चिकटलेला नसतो. गाडी चालली की थरथरतो, मधल्या फटीत वाळू आणि पाणी शिरतं, आणि रंग वाचवायला आणलेलं प्लॅस्टिकच खालून रंग घासून काढतं. वरून सगळं छान दिसत असतं. काही वर्षांनी टब उचलावा तर खाली तांबडा भुगा.

त्याचं दुसरं दुखणं याहून गंभीर होतं. व्यावसायिक सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी सरकारी संस्थेनं १९९८ साली इशारा दिला, की हौद्यातल्या प्लॅस्टिकवर कॅन ठेवून त्यात पेट्रोल भरू नका. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर विद्युतभार साठतो. कॅन जमिनीवर असेल तर तो भार जमिनीत उतरून जातो. खाली प्लॅस्टिक असेल तर त्याला वाट मिळत नाही, मग तो ठिणगी होऊन उडी मारतो, तीही पेट्रोलच्या वाफेतून. माणसं भाजल्याच्या घटना घडल्या होत्या. फवारलेलं अस्तरही विजेला वाट देणारं नसतं, तेव्हा हा नियम तिथेही पाळावा. कॅन खाली उतरवावा, जमिनीवर ठेवावा आणि मगच भरावा.

आता त्या दोन द्रवांकडे. एकात असतं आयसोसायनेट. नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन अशा तीन अणूंचं टोक असलेला हा रेणू अतिशय उतावळा. हायड्रोजन सोडायला तयार असलेला कोणी दिसला की हा त्याला धरतोच. ऑटो बायर या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९३७ साली लेव्हरकुसेनमध्ये या उतावळेपणाचा उपयोग करून लांबलचक साखळ्या बनवल्या. (ज्या बायर कंपनीशी त्याचं नाव जोडलं जातं, तिच्या संस्थापकाशी त्याचं काही नातं नव्हतं.) दोन्ही टोकांना आयसोसायनेट असलेला रेणू आणि दोन्ही टोकांना अल्कोहोलसारखे गट असलेला रेणू, ज्याला पॉलिओल म्हणतात, एकमेकांचे हात धरत गेले आणि पॉलियुरेथेन जन्माला आलं. आपल्या गाद्यांचा फोम, बुटांचे तळवे, फ्रिजच्या भिंतीतलं थंडी राखणारं भरण, सगळी त्याचीच पिलावळ.

पॉलिओलच्या जागी अमाइन घेतलं की गोष्ट बदलते. अमाइनला पाहून आयसोसायनेट इतकं उसळतं, की उत्प्रेरक लागतच नाही. काही सेकंदांत खेळ संपतो. मध्ये जो दुवा तयार होतो त्यात एका कार्बनच्या एका बाजूला ऑक्सिजन आणि दोन्ही कुशींना नायट्रोजन असतात. हीच रचना आपण शेतात टाकतो त्या युरियाची. म्हणून या पदार्थाचं नाव पॉलियुरिया. फ्रीडरिश व्होलरनं १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया बनवून दाखवला तेव्हा सजीवाच्या देहाबाहेरही असा पदार्थ होऊ शकतो याचा केवढा गाजावाजा झाला होता! त्याच दुव्यांनी बांधलेल्या अस्तरावर आज लोक विटा आपटतात.

पण इतक्या घाईनं घट्ट होणारा पदार्थ वापरायचा कसा? बादलीत मिसळला तर बादलीतच दगड. १९८० च्या दशकात टेक्साको कंपनीच्या रसायन विभागात, टेक्सासमध्ये, यावर काम झालं आणि गरम, उच्च दाबाच्या, तोंडाशीच मिसळणाऱ्या गनमधून पॉलियुरिया फवारता येऊ लागलं. हौद्यांची अस्तरं फवारण्याचा धंदाही त्याच सुमारास उभा राहत होता. सॅन डिएगोत १९८८ साली रायनो लायनिंग्ज निघाली, १९९३ साली कॅलिफोर्नियातच लाइन-एक्स. निसाननं २००४ च्या टायटन ट्रकला हे अस्तर थेट कारखान्यातच द्यायला सुरुवात केली. आज मोठे अमेरिकी उत्पादक ते स्वतःच लावून देतात.

एकच पदार्थ रबरासारखा ताणतो आणि तरी कठीण प्लॅस्टिकसारखा ओरखड्याला दाद देत नाही, हे कसं जमतं? तर त्याच्या प्रत्येक साखळीत दोन स्वभाव आलटूनपालटून ओवलेले असतात. काही तुकडे लांब, लवचिक, सतत वळवळणारे. काही आखूड, ताठ, युरियाच्या दुव्यांनी भरलेले. या ताठ तुकड्यांना एकमेकांची ओढ असते. युरियाच्या एका दुव्यातले दोन हायड्रोजन शेजारच्या दुव्यातल्या एकाच ऑक्सिजनला दोन्हीकडून पकडतात. युरेथेनच्या दुव्यात असा हायड्रोजन एकच असतो, म्हणून त्याची पकड तुलनेनं ढिली. फवारा घट्ट होत असतानाच ताठ तुकडे एकमेकांना शोधून घोळके करतात आणि मऊ भाग मध्ये मोकळा राहतो. रुद्राक्षाच्या शेकडो माळा एकत्र गुंतल्या, त्यांचे मणी जागोजागी एकमेकांना चिकटले, पण दोरे सैलच राहिले, असं काहीसं. ओढलं तर दोरे ताणतात. मणी सुटत नाहीत, म्हणून सगळं परत जागेवर येतं. हे घोळके काही नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके. आणि ही सगळी मांडामांड, कुणी न सांगता, ओघळ थांबायच्या त्या काही सेकंदांत!

या मांडणीचा सगळ्यात विलक्षण परिणाम हौद्यात कधी दिसत नाही. सौदी अरेबियात खोबर टॉवर्स या निवासी संकुलाजवळ १९९६ साली स्फोट झाला आणि अमेरिकी हवाई दलाचे १९ जण गेले. अशा स्फोटांत भिंतींचे आणि काचांचे उडणारे तुकडेच फार माणसं मारतात. हवाई दलाच्या संशोधकांनी फ्लोरिडातल्या टिंडल तळावर शोध सुरू केला, की जुन्या, सळया नसलेल्या भिंतींवर आतून काय थापलं म्हणजे त्या फुटल्या तरी विखुरणार नाहीत. बरेच पदार्थ तपासल्यावर त्यांची नजर ठरली ती ट्रकच्या हौद्यात फवारायच्या अस्तरांच्या जातीवर. चाचण्यांत अस्तर लावलेली भिंत स्फोटानं आत फुगली, तडकली. तुकडे मात्र त्या कातड्यातच अडकून राहिले.

पोलादी पत्र्यावर पॉलियुरिया लावलं तर त्याची गोळी रोखायची ताकदही वाढते, हे दिसत होतं. पण रबरासारख्या मऊ थरानं पोलादाला मदत करावी? अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली याचा उलगडा मांडला. रबर रबरासारखं वागतं कारण त्याच्या साखळ्यांना हलायला वेळ मिळतो. आघात सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात झाला तर त्यांना तो वेळ मिळत नाही आणि मऊ पदार्थ त्या क्षणापुरता काचेसारखा ताठ होतो. रबर आणि काच यांच्यातली ही सीमा ओलांडताना तो प्रचंड ऊर्जा गिळतो. एरवी पॉलियुरियाला काचेसारखं करायचं तर शून्याखाली साठेक अंशांपर्यंत थंड करावं लागेल. इथे थंडीचं काम वेग करतो. हौद्यात पडणारी वीट त्या मानानं गोगलगाय. तिच्यासाठी अस्तर रबरच राहतं, दबतं, परत उसळतं. गोळी आली तरच त्याला काच व्हायचं सुचतं.

असो. गिऱ्हाईक गोळ्यांसाठी अस्तर घेत नाही. त्याच्यासमोर पहिला प्रश्न असतो कडक की मऊ. मण्यांचं प्रमाण वाढवलं की अस्तर कडक होतं, दोऱ्यांचं वाढवलं की मऊ. रायनोची ख्याती मऊ अस्तराची, लाइन-एक्सची कडक. अर्थात आता दोघांकडेही बरेच प्रकार मिळतात. मऊ अस्तरावर पेटी जागची हलत नाही, ब्रेक मारला तरी घरंगळत पुढे येत नाही. कुत्र्याला घेऊन फिरणाऱ्यांना, शिड्या आणि हत्यारं नेणाऱ्या सुतारांना ते बरं. पण दोनशे किलोची पेटी हौद्यात ढकलत न्यायची असेल तर तेच अस्तर वैरी होतं, आणि धारदार लोखंडानं ते चिरतंही लवकर. फावड्यानं खडी ओढून काढणाऱ्यानं कडक घ्यावं. कोणतं ‘उत्तम’ हा वाद मला निरर्थक वाटतो. हौद्यात काय पडणार ते सांगा, उत्तर आपोआप निघतं.

दुसरा प्रश्न शुद्ध पॉलियुरियाचा. जाहिराती शुद्धतेचा फार डंका पिटतात. प्रत्यक्षात बाजारात पॉलियुरेथेन, पॉलियुरिया आणि दोघांची सरमिसळ असे तिन्ही प्रकार आहेत, आणि चांगली सरमिसळ वाईट हातातल्या शुद्ध मालापेक्षा कधीही बरी. शुद्ध मालाचा खरा फायदा हवेच्या ओलाव्याशी जोडलेला आहे. आयसोसायनेटला पाणी भेटलं की ते पाण्याशीही जुळतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. गादीचा फोम असाच फुगवतात. हौद्यात तेच झालं तर अस्तरात बुडबुडे, आणि बुडबुडा म्हणजे उद्याचं भोक. पॉलियुरियाची क्रिया इतकी झटपट, की पाण्याला संधीच मिळत नाही. पण पत्र्यावरच दव असेल तर शुद्ध काय आणि मिश्र काय, दोन्हीचं बस्तान डळमळीत. म्हणून पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर असावं, असा या कामातला जुना नियम आहे. पावसाळी दिवशी उघड्या शेडखाली फवारणारा दुकानदार दिसला तर गाडी तशीच वळवावी.

जाडीचा हिशेब घरी करून बघण्यासारखा आहे. मध्यम मापाच्या हौद्याचा तळ सव्वातीन चौरस मीटर धरा, बाजू, पुढची भिंत आणि फाळका मिळून साडेतीन. तळाला तीन मिलिमीटर आणि बाजूंना दोन मिलिमीटर थर द्यायचा तर सोळा-सतरा लिटर माल पत्र्यावर बसायला हवा. वजनातही जवळपास तेवढेच किलो वाढतात. आता घरी मारायच्या किटकडे बघा. रॅप्टर नावाच्या लोकप्रिय किटमध्ये सगळं मिळून चार लिटर द्रव निघतो आणि त्यातला काही भाग उडून जाणारा. तो रंग म्हणून सुंदर, पोताला छान, जीपच्या बंपरला शोभेल. पण दुकानातल्या गरम फवाऱ्याशी त्याची बरोबरी करणं म्हणजे रेनकोटाची तंबूशी करणं. कमी जाडीचा फवारा दुकानंही कधी कधी देतात, पैसे मात्र पुरे घेतात. कोणत्या भागात किती मिलिमीटर, हे लेखी विचारावं.

ऊन हा तिसरा मामला. स्वस्त अस्तरं एमडीआय या आयसोसायनेटपासून करतात. त्याच्या रेणूत बेंझिनची कडी असते आणि अतिनील किरणांनी ती पिवळी-तपकिरी पडते. बहुतेक अस्तरं काळी असतात त्यामागचं एक कारण हेच: काळ्या रंगातली काजळी ऊन स्वतः झेलते आणि पिवळेपणा झाकतेही. तरी दोन-चार उन्हाळ्यांत काळ्याचं राखाडी होतंच. लाल किंवा पांढरं अस्तर हवं असेल, किंवा अॅरिझोनाच्या उन्हात गाडी उभी राहणार असेल, तर बेंझिनची कडी नसलेल्या आयसोसायनेटचा वरचा थर मागावा. तो महाग पडतो, पण रंग धरतो.

हौदा कशाचा आहे हेही पाहावं. टोयोटानं २००५ च्या टकोमाला प्लॅस्टिक आणि काचतंतूंचा हौदा दिला, तिथे गंजाचा प्रश्नच मिटला. फोर्डनं २०१५ पासून एफ-१५० चा हौदा अॅल्युमिनियमचा केला, तेव्हा शेवरलेनं पुढच्या वर्षी जाहिरातीत त्यात दगडी ठोकळे ओतून भोकं पाडून दाखवली. खोडसाळ जाहिरात होती. पण हौद्यात अस्तर नव्हतं, ही तिच्यातली खरी बातमी.

आपल्याकडे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट आणणाऱ्या पिकअपना हे असलं अस्तर क्वचितच असतं. तळाला चेकर्ड पत्रा ठोकला की भागतं, आणि क्रेट काही खडी नव्हे. पॉलियुरिया भारतात पोचलं ते गच्च्या आणि पाण्याच्या टाक्यांवरून, गळती थांबवायला. गाडी ही त्याची अमेरिकी हौस.

या कामातली एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. आयसोसायनेट म्हटलं की आपल्याला १९८४ चं भोपाळ आठवतं आणि ते बरोबरच आहे. तिथलं मिथिल आयसोसायनेट याच कुळातलं. फरक इतका, की ते उन्हाळ्याच्या नुसत्या उष्म्यानं उकळायला लागतं. एमडीआयचा रेणू जड, सहसा वाफ न होणारा. पण तापवून, दाबानं फवारला की तो धुक्याच्या रूपानं फुप्फुसात पोचतो. काहींना एकदा त्याची बाधा झाली की पुढे जरासा संपर्कही दम्याचा झटका आणतो. मिशिगनमध्ये २००३ साली असं अस्तर फवारल्यानंतर एक कामगार दम्यानं गेला. नायॉशनं २००६ साली खास ट्रकच्या अस्तरांच्या दुकानांसाठी इशारा काढला: बंदिस्त कक्ष, हवा खेचणारे पंखे, आणि कामगाराला बाहेरून नळीनं शुद्ध हवा. दुकान निवडताना मी तर आधी हेच बघेन. ज्याला स्वतःच्या माणसाच्या श्वासाची पर्वा नाही, तो आपल्या पत्र्याच्या कोपऱ्यांची कशाला करील?

कारण सगळं यश त्या कोपऱ्यांत आहे. अस्तर रंगाला धरून बसतं, म्हणून आधी कारखान्याची चमक घासून घालवावी लागते, मेण आणि तेल पुसावं लागतं. पाणी वाहून जायची भोकं आणि बोल्टचे आटे झाकून ठेवावे लागतात, नाहीतर ते कायमचे बुजतात. काठाला एक खास टेप लावतात, तिच्या कडेत बारीक तार असते. फवारा संपला, पण थर पुरता घट्ट झाला नाही, अशा काही मिनिटांत ती तार ओढायची. ती अस्तराला सुरीसारखी कापत जाते आणि काठ सरळ येतो. उशीर झाला तर तार तुटते, मग ब्लेडनं कुरतडत बसायचं. जुन्या कामाचे फोटो मागितले तर मधली जमीन बघू नये, ती सगळ्यांचीच छान येते. फाळक्याच्या बिजागरीजवळ आणि वरच्या काठाला रेष कशी आली आहे ते बघावं.

गाडी बहुधा त्याच दिवशी चालवत नेता येते, जड माल भरायला मात्र एखाद-दोन दिवस थांबतात. चीर पडली तर त्या जागी घासून पुन्हा फवारता येतं. संपूर्ण काढायचं झालं तर ते विरघळवणारा सोपा द्रव नाही. ग्राइंडर घेऊन पत्र्यापर्यंत खरडत जावं लागतं. त्यामुळे हौद्याच्या वरच्या कडेवरही अस्तर घ्यायचं की कडेखालीच थांबायचं, पुढे झाकण बसवणार असू तर क्लॅम्पना जागा कुठे सोडायची, हे सगळं टेप लावायच्या आधी दुकानदाराबरोबर हौद्यात उभं राहून, खडूनं खुणा करून ठरवून घ्यावं.